पेसाहची आवराआवर आणि न सापडलेला कण

बिरडं_आणि_भात

नमस्कार मंडळी. दर वर्षी या दिवसांत मी इथून गायब होते आणि महिन्याभराने उगवते. मग कोणीतरी विचारतंच, "ताई, होतात कुठे?" यंदा सांगून जाते. पेसाह बारा दिवसांवर आलाय आणि माझा अजून फ्रीजसुद्धा झालेला नाही.

नव्या लोकांसाठी: मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातली मराठी बोलणारी यहुदी. माहेर अलिबागकडचं, गेली २८ वर्षं इस्रायलात अश्दोदला. आई माझ्याजवळ असते, वय ८२. पेसाह हा मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामीतून सुटल्याचा सण. सणाचे सात दिवस (इस्रायलबाहेर आठ) घरात हामेत्स चालत नाही. गहू, जव, ओट, राय आणि स्पेल्ट ही पाच धान्यं. त्यांचं पीठ भिजून आंबलं की ते हामेत्स. पाव, बिस्किटं, शेवया, बिअर, सगळं आलं. बरं, खायचं नाही एवढ्यावर भागत नाही. तोरात, म्हणजे आमच्या मूळ धर्मग्रंथात, म्हटलंय की ते तुझ्याकडे दिसता कामा नये आणि तुझ्या घरात सापडता कामा नये. त्या 'सापडता कामा नये'पायी आम्ही महिनाभर कोपरे कोरत असतो.

काल मिसळणाचा डबा काढला. आपल्या स्वयंपाकघरातला सगळ्यात लबाड हामेत्स म्हणजे हिंग. डबीतल्या पुडीच्या हिंगात गव्हाचं पीठ घातलेलं असतं. आईला हे दर वर्षी नव्याने सांगावं लागतं, आणि ती दर वर्षी डबीचा वास घेऊन म्हणते, "यात कुठला आला पाव?" डबी बाजूला काढली. पण झाकणाच्या आट्यांमधून उडालेली पूड डब्याच्या सांध्यात जाऊन बसली होती. दातकोरण्याने, चष्मा लावून, ती काढत बसले. वीस मिनिटं गेली एका सांध्यात.

तेव्हा मनात आलं ते लिहिते. इथे रेडिओ लावा, मुलांच्या शाळेतून आलेला कागद वाचा, सगळीकडे एकच व्याख्यान असतं: हामेत्स म्हणजे फुगलेला अहंकार, मात्सा (सणातली न फुगलेली भाकर) म्हणजे चपटी नम्रता, घर झाडताना मन झाडा. याला आधार आहे. तलमूदमध्ये, म्हणजे धर्मगुरूंच्या जुन्या चर्चांच्या ग्रंथात, रब्बी अलेक्सांद्रींची प्रार्थना आहे: देवा, तुझ्या इच्छेप्रमाणे वागावं हीच आमची इच्छा, पण आड काय येतं? कणकेतलं खमीर आणि परक्यांची सत्ता. आधार जुना आहे, तरी मला हे कधी मनापासून पटलं नाही. पाव जर अहंकार, तर दर शुक्रवारी संध्याकाळी आम्ही दोन फुगलेले पाव टेबलावर ठेवून, वर स्वच्छ कापड घालून, त्यांच्यावर बराखा (आशीर्वचन) कशाला म्हणतो? पेसाहनंतर सात आठवड्यांनी शावुओत येतो. त्या दिवशी जेरुसलेमच्या मंदिरात गव्हाचे दोन पाव अर्पण करायचे आणि ते खमीर घातलेलेच हवेत, असं तोरातच आहे. तेव्हा पाव वाईट नाही.

माझं मन अडकतं ते तयारीच्या अगदी शेवटच्या वाक्यात. निसान महिन्याच्या चौदाव्या रात्री, म्हणजे सेदेरच्या (सणाच्या पहिल्या रात्रीच्या विधीच्या जेवणाच्या) आदल्या रात्री, दिवे मालवून मेणबत्तीच्या उजेडात घर शोधायचं. शोधून झालं की अरामी भाषेतलं एक वाक्य म्हणायचं, 'कोल हमीरा'. त्याचा अर्थ असा: माझ्या ताब्यात असलेलं सगळं खमीर, जे मी पाहिलं नाही, जे मी काढलं नाही, जे मला ठाऊकच नाही, ते रद्द होवो, बेवारस होवो, जमिनीच्या धुळीसारखं होवो. सकाळी उरलंसुरलं जाळल्यावर पुन्हा तेच म्हणायचं, त्यात मग पाहिलेलंही येतं.

महिनाभर दातकोरण्याने कोरायचं आणि शेवटी 'जे दिसलं नाही ते माझं नाही' म्हणून उठायचं. या दोन गोष्टी एकत्र कशा नांदतात, हे मला साठाव्या वर्षी थोडंफार उमगायला लागलंय. तुम्हाला काय वाटतं? तुमच्याकडच्या कुठल्या सणात असं सोडून द्यायचं वाक्य आहे का?

सदाशिव_खडूस

म्हणजे महिनाभर घासा आणि शेवटी "राहिलं असेल तर आमचं नव्हे" म्हणा. मग पहिल्याच दिवशी म्हणून मोकळं का होऊ नये? आमच्या कंपनीच्या ऑडिटला हे वाक्य लागू पडतं का तेवढं विचारून सांगा.

बिरडं_आणि_भात

खडूस, तुम्ही चेष्टेत म्हणालात, पण तलमूदमध्ये नेमका हाच मुद्दा आहे. तोराच्या मूळ कायद्याने नुसतं ते वाक्य पुरतं! शोधायलाच हवं, ही अट ऋषींनी, आमच्या हाखामांनी, वर घातली. कारण फार माणसातलं आहे. एक तर माणूस तोंडाने 'धूळ' म्हणेल आणि मनात केक जपून ठेवेल. दुसरं, चौथ्या दिवशी कपाट उघडल्यावर तो केक दिसला तर वाक्य विसरून तोंडात टाकेल. म्हणून आधी हात चालवा, मग तोंड.

ऑडिटचं मात्र जमणार नाही. वाक्य आपल्याच वस्तूंसाठी आहे, कंपनीच्या नव्हे.

नास्तिक_नाना

उपक्रम छान, पण याला अध्यात्म का म्हणायचं? वसंत ऋतूत घर साफ करणं जगभर आहे. आपल्याकडे दिवाळीआधी करतात. पूर्वजांनी उंदीर-किड्यांपासून धान्याच्या कोठ्या वाचवायला रीत पाडली, मागून त्यावर धर्माचा मुलामा चढला. एवढंच.

बिरडं_आणि_भात

नाना, दिवाळीची सफाई मी लहानपणी शेजारी बघितली आहे, मदतही केली आहे. तिथे जाळी, धूळ, मोडकं सामान काढतात. आमच्याकडे धुळीला कोणी विचारत नाही. धूळ राहिली तरी चालते, ताजी पोळी चालत नाही! किड्यांपासून कोठी वाचवणारा माणूस चांगला पाव जाळेल का?

परीक्षानळी

मी सूक्ष्मजीवशास्त्राची, आणि घरी आंबवलेल्या पिठाचा पाव करते, म्हणून माझे दोन पैसे.

ताई, पीठ भिजून आंबलं की हामेत्स म्हणालात, तो नियम १८ मिनिटांचा आहे ना? मात्साचं पीठ भिजवल्यापासून भाजून निघेपर्यंत १८ मिनिटं. माझ्या एका सहकाऱ्याकडून ऐकलं होतं. पाणीसुद्धा रात्रभर ठेवून गार केलेलं घेतात. यातलं शास्त्र सरळ आहे. पिठात यीस्ट आणि जिवाणू मुळातच असतात, पाणी मिळालं की जागे होतात, ऊब मिळाली की धावतात. गार पाणी आणि घाई, दोन्ही त्यांना रोखायला.

मला वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. बाजारात यीस्टची पाकिटं मिळायच्या आधी पाव कसा फुगवत? कालच्या पिठातला गोळा राखून आजच्या पिठात घालायचा. आपण दही लावतो तसं. माझ्याकडचं विरजण सहा वर्षांचं आहे, मी त्याला रोज खाऊ घालते, गावाला गेले तर शेजारी सांभाळायला देते (हसू नका). पेसाहला ते विरजणही फेकायचं असेल, तर त्याचा अर्थ मागच्या सगळ्या भाकरींशी असलेला धागा दर वर्षी तोडायचा आणि पिठातल्या यीस्टपासून नव्याने सुरुवात करायची. मला नाही जमणार. पण ही कल्पना धाडसी आहे.

बिरडं_आणि_भात

परीक्षानळी, तू माझ्यापेक्षा छान सांगितलंस. तोरातल्या 'निर्गम' पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात दोन वेगळे शब्द आहेत. आंबलेला पदार्थ तो हामेत्स, आणि तुझं विरजण ते 'सेओर'. पहिल्याच दिवशी घरातून सेओर काढून टाका, अशी तिथे आज्ञा आहे. मिसरमधून निघताना लोकांनी न फुगलेली कणीक परातींसकट कापडात बांधून खांद्यावर टाकली, असंही पुढे आहे. मिसरच्या पावाचं विरजण तिथेच राहिलं म्हणायचं.

आणि हो, १८ मिनिटं बरोबर. तेवढ्यात न भाजलेलं पीठ बाद.

पनवेलचा_काका

बऱ्याच दिवसांनी लिहितोय, टायपायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

बिरडंताई, तुमचा आयडी बघूनच हसू आलं. आमच्यात 'बिरड्याचा सण' म्हणजे तिशा बेआव, मंदिर पडल्याचा दुखवटा, त्या दिवशी वालाचं बिरडं. नव्या पिढीला ठाऊक नसतं. रोश हशाना (नवं वर्ष) तो 'नव्याचा सण', किप्पूर (प्रायश्चित्ताचा दिवस) तो 'दरफळणीचा सण', म्हणजे दारं लावून घ्यायचा. पेसाहचं जुनं नाव तुम्ही लिहिलं नाहीत, म्हणून मी लिहितो: 'अनाशी ढाकाचा सण'. हाईम सॅम्युअल केहिमकरांनी आपल्या लोकांचा इतिहास १८९७ मध्ये लिहून काढला, तो छापून आला थेट १९३७ मध्ये, तेल अवीवला. त्यात या नावांचा उलगडा आहे. अनाशी म्हणजे तोंडीलावण्याला असायचं ते आंबट पाणी. त्याचं मडकं या सणात झाकून ठेवायचं, हात लावायचा नाही.

आता विचार करा. परंपरेप्रमाणे आपले पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला लागले तेव्हा जहाज फुटून पोथ्या समुद्रात गेल्या. कोकणात तेल गाळून राहिले, शनिवारी घाणा बंद म्हणून 'शनिवार तेली' झाले. हिब्रू वाचणारं कोणी उरलं नाही. सेदेरला वाचायची हागादाची पोथी नाही, वाइनचे चार प्याले नाहीत. पण आंबट मडक्यावर झाकण मात्र ठेवलं. हिब्रूत हामेत्स आणि व्हिनेगरचा 'होमेत्स' एकाच धातूचे, अर्थ आंबणं. शब्द गेला, पण आंबट झाकायचं हे हाताला ठाऊक राहिलं. मी सत्तरी ओलांडली तरी हे वाचलं की गळ्यात आवंढा येतो.

माझ्या आजीच्या वेळची तयारी सांगतो. भिंतींना चुना. तांब्यापितळेची सगळी भांडी कल्हईवाल्याकडे. तो दारातच भट्टी लावायचा, नवसागराचा धूर घरभर. मातीची मडकी नवीनच घ्यायची, कारण माती शोषते ते सोडत नाही, तिला कितीही उकळा. तांदूळ निवडणं हा वेगळा कार्यक्रम. आम्ही पेसाहला भात खातो (युरोपकडचे अश्केनाझी खात नाहीत), पण तांदळात गव्हाचा दाणा आला तर घोटाळा, म्हणून तीनदा निवडायचे. आजी सुपात घेऊन ओसरीवर बसायची आणि बोलू द्यायची नाही. दारावर बकऱ्याच्या रक्तातल्या हाताचा ठसा कागदावर उमटवून लावायचे, ते तिने बघितलेलं, मी नाही.

सदाशिव_खडूस

काका, भात चालतो तर इडली-आंबोळी? आंबवलेलीच की.

पनवेलचा_काका

हा प्रश्न तलमूदमध्ये आहे असं समजा. तिथे म्हटलंय, तांदूळ आंबत नाही, नासतो! म्हणून तो हामेत्स नाही. आता आंबोळीवर वाढलेल्या कोकणी माणसाला 'तांदूळ आंबत नाही' हे पटवणं महाकर्मकठीण. मी वाद घालत नाही. सणाचे आठ दिवस आंबोळी करतही नाही.

परीक्षानळी

काका, शास्त्राने बघायला गेलं तर त्यात थोडं तथ्य आहे. तांदळात ग्लुटेन नसतं, त्यामुळे गव्हासारखं ताणून वायू धरून ठेवता येत नाही. आंबोळीला जाळी पडते, पावासारखी ती उभी राहत नाही. दोन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी दोन्ही पिठं शेजारी ठेवून बघितली असणार.

चौथी_सून

सगळं वाचलं. दातकोरणं, सूप, कल्हई, तीनदा निवडलेले तांदूळ. आता एक विचारू? या सगळ्या गोष्टींत हात कोणाचे आहेत? आजी, आई, ताई. आणि मेणबत्ती हातात घेऊन ते सुंदर वाक्य कोण म्हणतं? घरातला कर्ता पुरुष, बरोबर?

मी यहुदी नाही, पण मला हे इतकं ओळखीचं वाटलं की राग आला. आमच्याकडे गणपतीआधी पंधरा दिवस मी माळ्यावर असते. पाय घसरून पडले त्या वर्षी मनगट मोडलं, तेव्हाही सासरच्या एका मोठ्या व्यक्तीने "आता मोदक कोण वळणार?" एवढंच विचारलं. अध्यात्म त्यांचं, फडकं आमचं. गुलामीतून सुटल्याचा सण म्हणता, मग सणाच्या रात्री बाई टेबलावर डोकं ठेवून झोपते ती कोणाची गुलाम असते?

बिरडं_आणि_भात

चौथी, उत्तर लगेच सुचत नाही, आणि खोटं द्यायचं नाही. सेदेरला मी स्वतः दोनदा झोपले आहे, एकदा तर चौथ्या प्याल्याच्या आधीच. आमच्याकडे वाक्य आता आई म्हणते. बाबा गेले तेव्हापासून. पण त्याआधी बाबाच म्हणायचे, हे खरं.

लोदकर

चौथी_सून, तुमचा राग रास्त आहे. पण तो कायद्यावर काढू नका, लोकांवर काढा. कायदा फार थोडं मागतो. मिश्ना म्हणजे तलमूदचा मूळ गाभा, त्यातल्या पेसाहच्या भागाचं पहिलंच कलम: ज्या जागी हामेत्स नेत नाहीत ती जागा शोधायची गरजच नाही. पडदे, माळा, पुस्तकांची मागची रांग, खिडक्यांच्या काचा, यांचा पेसाहशी संबंध नाही. इथे एक म्हण आहे, दर वर्षी कोणीतरी म्हणतंच: धूळ म्हणजे हामेत्स नव्हे, आणि मुलं म्हणजे पेसाहला बळी द्यायचं कोकरू नव्हे. आमच्या घरी गेली नऊ वर्षं स्वयंपाकघर माझं. ओव्हन, शेगडी, गाडीच्या सीटखालचे मुलांचे चिप्स, सगळं मीच करतो. भांडी गल्लीतल्या मोठ्या उकळत्या हंड्यात बुडवून आणायलाही मीच जातो. तिथे रांगेत आता निम्मे पुरुष असतात.

बिरडंताईंनी विचारलेलं 'दोन्ही एकत्र कसं नांदतं' याचं उत्तर मला त्याच मिश्नाच्या पुढच्या वाक्यात दिसतं. शोधून झालेल्या खोलीत एखाद्या मुंगसासारख्या प्राण्याने शेजारच्या घरातून पाव ओढत आणला असेल तर? हाखाम म्हणतात, ही शंका घ्यायची नाही. कारण मग या घरातून त्या घरात, या अंगणातून त्या अंगणात, या गावातून त्या गावात, 'गोष्टीला शेवटच नाही'. हे नेमके शब्द आहेत. कायद्याच्या पुस्तकात कोणीतरी बसून लिहिलंय की इथे थांबा. माझी आई हात पुनःपुन्हा धुणारी होती, आजार होता तो, तेव्हा नाव ठाऊक नव्हतं. तिला हे वाक्य कोणी वेळेवर वाचून दाखवायला हवं होतं.

चौथी_सून

लोदकर, धन्यवाद. 'गोष्टीला शेवटच नाही' कागदावर लिहून माळ्याच्या शिडीला चिकटवते.

नास्तिक_नाना

मुंगूस आवडलं. पण एक ऐकलंय, खरं का? तुम्ही लोक महागाची दारू वगैरे फेकत नाही, एखाद्या परधर्मीयाला 'विकता' आणि सण संपला की परत घेता. याला साध्या मराठीत धूळफेक म्हणतात. देवाच्या डोळ्यांत.

लोदकर

खरं आहे. पण धूळफेक नाही, रीतसर खरेदीखत असतं. घेणारा विसार देतो, बाकी रक्कम सणानंतर. कपाटाला कुलूप, जागा त्याला भाड्याने. त्याने मधल्या दिवसांत येऊन माझी व्हिस्की मागितली तर द्यावी लागते, आणि सण संपल्यावर त्याने ठरवलं की बाकी पैसे भरून माल घेऊन जातो, तर गेला माल. इस्रायल सरकारसुद्धा स्वतःच्या मालकीचं हामेत्स दर वर्षी विकतं, अबू घोश गावच्या एका अरब गृहस्थांना. वर्षानुवर्षं तेच घेतात आणि सणानंतर उरलेले पैसे न भरता परत करतात. आठवडाभर ते कागदोपत्री देशातल्या सगळ्यात मोठ्या कोठाराचे धनी.

बिरडं_आणि_भात

नाना, मला पण तरुणपणी ही चलाखी वाटायची. आता तितकीशी नाही. इथे सुपरमार्केटमध्ये हामेत्सच्या रांगांवर पांढरं प्लास्टिक ताणून लावतात. १९८६ पासून तसा कायदाच आहे, विक्रीला मांडायचं नाही. आई पहिल्यांदा इथे आली तेव्हा ते प्लास्टिक बघून थबकली आणि म्हणाली, "अगं, हे तर अनाशी ढाकलंय." काकांनी लिहिलं तेच. मडकं फोडलं नाही, झाकण ठेवलं. आठ दिवस ते तुझं नाही, मग पुन्हा तुझं. आपल्या वस्तूला 'माझी नाही' म्हणायची सवय करायची, तर ती नजरेसमोर असलेलीच बरी.

एक राहिलं. तयारीतलं एक जुनं आणि सगळ्यात कमी बोललं जाणारं काम झाडूने होत नाही. त्याचं नाव 'किमहा दे-पिस्खा', पेसाहचं पीठ. सणाआधी गावातल्या गरिबांना पीठ किंवा पैसे पोचवायचे. मिश्नात आहे की इस्रायलातला अगदी गरीबही चार प्याल्यांशिवाय राहता कामा नये, धर्मादाय खात्यातून द्यावे लागले तरी. सेदेरला आपण दार लावून, टेबलावर बसून, मात्सा वर उचलून म्हणतो, 'जो उपाशी असेल त्याने यावं आणि खावं'. त्या वेळी कोण येणार? निमंत्रण खरं ठरतं ते दहा दिवस आधी, पिठाच्या पिशवीत. मी हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायला हवं होतं, पण हिंगात गुंतले.

सदाशिव_खडूस

हिंगाची डबी विकली की फेकली?

बिरडं_आणि_भात

विकली. आईला फेकवत नाही. चला, आता थेट शोधाच्या रात्रीनंतर भेटू.

बिरडं_आणि_भात

मंडळी, शोधाची रात्र. रात्रीचे पावणेबारा वाजलेत, घर चकचकीत आहे आणि मी रडकुंडीला आलेय.

झालं असं. आमच्याकडे शोधाआधी पावाचे दहा छोटे तुकडे कागदात गुंडाळून घरात लपवतात. बराखा म्हणून काहीच सापडलं नाही असं होऊ नये, म्हणून. लपवायचं काम दर वर्षी आईचं, शोधायचं माझं आणि मुलाचं. दिवे मालवले, बराखा म्हटली, हातात मेणबत्ती, कण झाडायला पक्ष्याचं पीस आणि लाकडी पळी. मुलगा म्हणाला मोबाईलचा टॉर्च लावू, मी म्हटलं गप. मशाल नको, एका वातीची मेणबत्तीच हवी, हा जुना नियम मला फार आवडतो: मशाल घेतली की माणसाला घर पेटायची धास्ती, मग तो फटीत नीट डोकावत नाही. छोट्या उजेडात जवळ जावं लागतं.

एकेक सापडत गेले. चपलांच्या कपाटात. बाबांच्या फोटोमागे. शिवणाच्या डब्यात, बॉबिनच्या खाली. नऊ झाले. दहावा नाही.

"आई, कुठे ठेवलास?" ती विचार करते. "न्हाणीघरात?" नाही. "तुळशीच्या कुंडीत?" आई, आपल्याकडे तुळस नाही, ती अलिबागला शेजारच्या काकूंची होती. मग ती गप्प झाली. गेल्या वर्षभरात तिला नावं सापडत नाहीत हे मी बघतेय, पण आज मेणबत्तीत तिचा चेहरा असा दिसला की मीच "असू दे" म्हणाले. तासभर पुन्हा शोधलं. लोदकर, जागे आहात का?

लोदकर

जागा आहे, ओव्हनशी झुंजतोय. ताई, घाबरू नका. हे तुमच्याच घरी पहिल्यांदा घडलेलं नाही. तलमूदमध्ये चक्क चर्चा आहे: दहा ठेवले आणि नऊ सापडले तर काय, नऊ ठेवले आणि दहा सापडले तर काय. ज्या ज्या ठिकाणी आई ठेवू शकेल तिथे तुम्ही दुसऱ्यांदा बघितलंत ना? मग आता वाक्य म्हणा. ते याचसाठी आहे. आणि अरामी कळत नसेल तर कळेल त्या भाषेत म्हणायचं, हाच नियम आहे. अरामी ही त्या काळच्या साध्या माणसांची बोली, म्हणून तर ते हिब्रूत नाही.

बिरडं_आणि_भात

म्हटलं.

आधी आईला छापील कागद दिला. तिने चष्मा लावला, दोन शब्द वाचले आणि कागद खाली ठेवला. मग स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मराठीत म्हणाली, माझ्या घरातलं जे खमीर मी पाहिलं नाही, मी काढलं नाही, मला ठाऊक नाही. इथे थांबली. "आठवत नाही, ते पण चालतं का?" मला विचारलं. मी चालतं म्हटलं. मग तिने तेही घातलं: मला आठवत नाही. ते सगळं धुळीसारखं होवो.

आणि झोपायला गेली. तिला लगेच झोप लागली. मी अजून जागी.

पनवेलचा_काका

ताई, आईंना नमस्कार सांगा. उद्या सकाळी आमच्याकडे अंगणात जाळायचंय, सून लाकडं काढून बसली आहे. मी थोरला मुलगा, म्हणजे माझा उद्या उपास. मिसरात थोरले मेले त्या रात्री आमचे वाचले, त्याची आठवण. सिनेगॉगमध्ये कोणी अभ्यासाचं प्रकरण पूर्ण केलं तर त्या जेवणाला बसून उपास सुटतो, बघू कोणी करतंय का.

चौथी_सून

बिरडंताई, तुमच्या आईंनी घातलेले ते चार शब्द मी चोरले. सांगून ठेवते.

परीक्षानळी

सकाळ झाली का तिकडे? दहावा सापडला?

बिरडं_आणि_भात

सकाळी दहाला इमारतीच्या मागे जाळलं, तेलाच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात. नऊ तुकडे, पीस, पळी, मेणबत्तीचं बूड. शेजारची पोरं काठीने ढोसत होती. सकाळचं वाक्य मीच म्हटलं, आईला पायऱ्या उतरवत नव्हत्या, ती खिडकीत उभी होती.

दहावा नाही सापडला. वर आल्यावर आईला तसं सांगितलं. ती लसूण सोलत होती. म्हणाली, "सापडेल कसा? नऊच ठेवले होते."